छायाचित्रातला चेहरा आणि प्रकाशाची भूमिती

परीक्षेच्या अर्जावर चिकटवलेले आपले छायाचित्र पाहून ‘हा मी नव्हेच!’ असे ज्याला वाटले नाही, असा विद्यार्थी विरळाच. गेल्या वर्षी वर्गातील एका मुलीने मोबाइलवर स्वतःच काढलेले छायाचित्र माझ्यापुढे धरले आणि अगदी गंभीरपणे विचारले, “सर, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे का?” प्रश्न भौतिकीचा होता. आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो.

नाकाच्या शेंड्यापेक्षा कान सुमारे १२ सेंमी मागे असतो असे धरू. तिने कोपर वाकवून मोबाइल नाकापासून ३० सेंमीवर धरला होता. म्हणजे कान ४२ सेंमीवर. वस्तू जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान. म्हणून कानाच्या मानाने नाक ४२ ÷ ३० = १.४ पट मोठे उमटले. कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हेच गुणोत्तर १६२ ÷ १५० = १.०८ होते. दोष नाकाचा नाही आणि भिंगाचाही नाही. तो अंतराचा आहे. व्यावसायिक छायाचित्रकार दीड-दोन मीटर मागे उभा राहतो आणि लांब नाभीय अंतराचे भिंग वापरतो, ते एवढ्यासाठीच. मागे गेल्याने लहान झालेली प्रतिमा ते भिंग मोठी करते, पण नाक-कानाचे प्रमाण बदलत नाही.

आता प्रकाशाकडे वळू. भर दुपारी अंगणात काढलेल्या छायाचित्रात डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली काळी कुळकुळीत सावली दिसते. तोच चेहरा खिडकीपाशी मऊ दिसतो. ‘ऊन प्रखर असते म्हणून’ असे उत्तर बहुतेक जण देतात. ते अपुरे आहे. प्रच्छाया आणि उपच्छाया तुम्ही ग्रहणाच्या धड्यात शिकलाच आहात. सावलीची कड किती पुसट होईल हे प्रकाशाच्या तीव्रतेवर नव्हे, तर उगम किती रुंद आणि किती दूर आहे यावर ठरते. समरूप त्रिकोण काढून पाहा:

उपच्छायेची रुंदी = उगमाची रुंदी × (नाकाचा शेंडा ते गाल अंतर) ÷ (उगम ते नाक अंतर)

नाकाचा शेंडा गालापासून २ सेंमी पुढे आहे असे समजू. ६ सेंमी रुंदीचा दुधी काचेचा दिवा १ मीटरवर असेल तर उपच्छाया १.२ मिमी येते. सावलीची कड ठळक. त्याच अंतरावर ९० सेंमी रुंदीची खिडकी असेल तर १.८ सेंमी! सावली जणू विरघळूनच जाते. आणि सूर्य? तो प्रचंड खरा, पण त्याचा व्यास त्याच्या अंतराच्या सुमारे १/१०७ च आहे. उपच्छाया जेमतेम ०.२ मिमी. ढग आला की मात्र सारे आकाशच उगम बनते.

हे तत्त्व छायालेखक सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात फार सुंदर वापरले. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. त्यावर पांढरे कापड ताणून त्यांनी दिव्यांचा झोत खालून कापडावर टाकला. परावर्तित होऊन खाली आलेला प्रकाश खऱ्या चौकातल्या उजेडासारखाच दिसला.

दिशेचेही महत्त्व आहे. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आलेल्या प्रकाशाने सावल्या नाकाआड दडतात आणि चेहरा सपाट दिसतो. उगम सुमारे ४५ अंश बाजूला आणि तितकाच वर घेतला की नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला मिळते आणि डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या व्यक्तिचित्रांवरून या रचनेला त्याचेच नाव पडले आहे. उगम हनुवटीखाली नेला तर सोज्ज्वळ मित्रही भुतासारखा दिसतो. आपल्या डोळ्यांना वरून येणाऱ्या उजेडाची सवय आहे ना!

घरी तासभर स्थिर बसायला कोणी तयार होणार नाही. शाडूची न रंगवलेली मूर्ती घ्या. ती चमकत नाही, त्यामुळे सावल्या स्वच्छ दिसतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद धरून तो जवळ-दूर करा आणि काळोखी बाजू कशी उजळते ते पाहा.

त्या मुलीचे छायाचित्र आम्ही प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील खिडकीपाशी पुन्हा काढले. कॅमेरा दीड मीटरवर, आणि दुसऱ्या बाजूला मैत्रिणीने धरलेला ड्रॉइंगचा कागद. तेच तिने अर्जावर लावले.