धनुष्याला भाता बसवताय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

पारंपरिक लाकडी धनुष्य घेणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मुंबईत थोडी, पण त्यांचा एक प्रश्न ठरलेला: बाणांचा भाता धनुष्यालाच बसवता येईल का, आणि त्याला किती पैसे पडतील? बसवता येतो. ४०० रुपयांतही बसतो आणि १२,००० रुपयेही लागू शकतात. खरा धोका मात्र भात्याच्या किमतीत नाही. घाईने मारलेला एक स्क्रू भात्याच्या दसपट किमतीचं धनुष्य कायमचं निकामी करू शकतो. म्हणून पुढे दिलेल्या प्रत्येक पर्यायात एकच कसोटी लावली आहे: नको झाला तर भाता खूण न ठेवता निघायला हवा. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा इथले आकडे अंदाजपत्रक म्हणून धरा.

आधी गरज तपासा

धनुष्यावरचा भाता ही विसाव्या शतकातल्या अमेरिकी शिकाऱ्यांची सोय. फ्रेड बेअर यांच्यासारख्यांनी ती लोकप्रिय केली. झुडपांतून वाकून जाताना पाठीवरचे बाण फांद्यांत अडकतात, वाजतात आणि सावज पळतं, म्हणून बाण धनुष्याला चिकटून ठेवायचे. आपल्याकडे मुघल लघुचित्रांतले धनुर्धर पाहिले तर भाता कमरेला दिसतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे ‘हंटिंग बो’ म्हणून विकलं जाणारं धनुष्यही इथे लक्ष्यावरच चालवायचं. स्पर्धेत उतरायचं असेल तर धनुष्यावरच्या भात्याचा उपयोग नाहीच. जागतिक तिरंदाजीच्या बेअरबो प्रकारात तर दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार जायला हवं. सरावासाठी कमरेचा तयार भाता ६०० ते १,५०० रुपयांत मिळतो. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत विचारा. ठेवलेला नसला तरी मागवून देणारे भेटतात.

मैदानी फेरी मारताना हात मोकळे हवेत, किंवा पट्टा कमरेला काचतो, अशी कारणं असतील तर पुढे वाचा.

पर्याय पहिला: पट्ट्यांनी बांधायचा, घरगुती

एकसंध लाकडी धनुष्याला आणि बांबूच्या धनुष्याला हाच मार्ग योग्य. भात्याचे दोन तुकडे करायचे. वरच्या टोपीत बाणांची टोकं फोममध्ये रुततात. खालच्या तुकड्यातल्या खाचा बाणांच्या काड्या धरून ठेवतात.

— चामडं, दोन चौरस फूट: २०० ते ४०० रुपये (धारावीच्या चामड्याच्या दुकानांत तुकडेही मिळतात)
— घट्ट फोम: ५० ते १०० रुपये
— रबरी पट्टी किंवा नायलॉनची दोरी: ५० ते १५० रुपये
— मोच्याची शिलाई: १५० ते ३०० रुपये

एकूण ४५० ते ९५० रुपये. पंक्चरवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली तर पट्टीचा खर्चही वाचतो. मोच्याकडे जाताना पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या, नाहीतर माप चुकतं आणि चामडं वाया जातं.

पर्याय दुसरा: तयार पट्ट्यांचा भाता

परदेशी बनावटीचा दोन तुकड्यांचा भाता साधारण ४० ते ८० डॉलरना मिळतो. टपालखर्च, सीमाशुल्क आणि कर धरून तो हातात पडेपर्यंत ६,००० ते १२,००० रुपये मोजावे लागू शकतात. मागवण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: भाता किती रुंदीच्या पातीला (मुठीच्या वर-खालच्या धनुष्याच्या भागाला) बसतो आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. पक्कं बिल ठेवा.

पर्याय तिसरा: बोल्टने बसवायचा

सुट्या भागांच्या धनुष्याच्या मुठीच्या भागात, म्हणजे रायझरमध्ये, कंपनीने आटे असलेल्या पितळी वा पोलादी नळ्या बसवलेल्या असतील तरच. स्टॅबिलायझरच्या, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या दांडीच्या, नळीचे आटे बहुधा ५/१६ इंच, इंचाला २४ असे असतात. नागदेवी स्ट्रीटवर बोल्ट २० ते ५० रुपयांत मिळेल, पण ‘यूएनएफ’ म्हणून मागा. ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दिसायला तस्साच. त्याचे आटे मात्र वेगळे. तो जोर लावून फिरवला की नळी गेलीच.

नळ्या नसतील तर भोक पाडू नका. धनुष्य ओढताना सगळा ताण लाकडाच्या धाग्यांवर येतो आणि भोकापाशी ते धागेच तुटलेले असतात. बांबूची बाहेरची चकचकीत साल खरवडणंही तितकंच घातक, कारण ताण तीच पेलते.

बांधताना

१. धनुष्याला दोरी चढवून मगच भाता बांधा. दोरी चढली की पातींचा बाक बदलतो. उतरलेल्या धनुष्यावर घट्ट बांधलेली पट्टी चढवल्यावर सैल पडते किंवा काचते.

२. जागा मुठीच्या वर आणि खाली, पाती जिथे जाड असते आणि वाकत नाही तिथे. वाकणाऱ्या भागावर बांधलं तर प्रत्येक बाणागणिक पट्टी सरकते आणि पातीची हालचालही अडते.

३. बाण ज्या बाजूला टेकतो, भाता त्याच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताने ओढणाऱ्यांसाठी ती धनुष्याची उजवी बाजू.

४. पट्टीखाली पातळ चामडं किंवा नमदा घाला. मुंबईच्या उकाड्यात रबर वार्निशला चिकटतं आणि काढताना रंगाचा पापुद्रा निघतो. गोंद, फेविक्विक वगैरे पातीवर नकोच.

५. बाणांची पिसं पातीला आणि दोरीला घासत नाहीत ना, हे दोरी हळू ओढून पाहा. ओढलेली दोरी बाणाशिवाय कधीही सोडू नका. सगळा धक्का पाती खातात आणि त्या फुटू शकतात.

६. तीन ते पाच बाण पुरेत. पाच बाणांसह भात्याचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं आणि ते सगळं एका बाजूला असतं. त्यामुळे बाण लागण्याची जागा सरकते. सराव नेहमी भात्यासह करा किंवा नेहमी भात्याविना; रोज बदलत राहिलात तर नेम बसणार नाही.

बांधून झाल्यावर मुठीवर हाताने थाप मारा. खडखडलं तर फोम घट्ट करा. मग दहा-बारा बाण सोडून पट्टी सरकली का ते बघा. पावसाळ्यात कच्च्या चामड्याची वादी भिजली की ढिली पडते, म्हणून बांधायला नायलॉन किंवा रबर बरं. घरी आल्यावर भाता सोडवून वाऱ्यावर ठेवा, नाहीतर चामड्याला बुरशी धरते.

प्रवास आणि जागा

मुंबईत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं आणि इजा करू शकणाऱ्या वस्तू बाळगून फिरण्यावर वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यामुळे बाण भरलेला भाता धनुष्याला लावून परळ किंवा दादर स्टेशनात शिरू नका. दोरी उतरवा, धनुष्य पिशवीत आणि बाण चित्रकलेचे कागद नेतात तसल्या नळीत घाला. नळीला १५० ते ४०० रुपये पडतील. हा खर्च हिशेबात धराच. बाणांना सरावाची बोथट टोकं ठेवा आणि प्रशिक्षणवर्गाचं ओळखपत्र जवळ बाळगा.

चाळीची गॅलरी, गच्ची किंवा शिवाजी पार्कचं उघडं मैदान ही बाण सोडायची जागा नव्हे. शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात धनुर्विद्येचं प्रशिक्षण दिलं जातं. फी आणि वेळा तिथेच विचारा. प्रशिक्षकांना बांधलेला भाता दाखवून घेतलात तर हजारांची चूक फुकटात टळेल.

कोणी काय घ्यावं

नवशिक्यांनी कमरेचा भाता. स्पर्धेला जाणाऱ्यांनीही तोच. बांबूचं किंवा एकसंध धनुष्य असणाऱ्यांनी पहिला पर्याय. बाण न्यायच्या नळीसकट खर्च ६०० ते १,३५० रुपये. आटे असलेलं धनुष्य ज्यांच्याकडे आहे त्यांनीच बोल्टचा विचार करावा. परदेशी भाता मात्र घरगुती भात्यावर एक पावसाळा काढल्यानंतरच मागवा. तोवर किती बाण लागतात आणि भार कुठे खटकतो हे कळलेलं असेल, आणि कदाचित तो मागवायची गरजही उरणार नाही.