डी मॉर्गन आणि 'नाहीं' हा शब्द

विठ्ठलवाडीस जाणारा प्रवासी कल्याण स्थानकावर विचारतो, "ही गाडी अंबरनाथची किंवा कर्जतची आहे काय?" उत्तर येतें, "नाहीं." म्हणजे ती अंबरनाथची नाहीं आणि कर्जतचीहि नाहीं, 'किंवा' जाऊन 'आणि' आला. आतां उलट पाहूं. "मुलानें वही आणि पुस्तक दोन्ही आणलीं" हें खोटें ठरलें, तर वही नाहीं किंवा पुस्तक नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. दोन्ही नाहींत असें धरून त्यास शिक्षा करणें हा अन्याय होय. आणि तो आम्हां वडील मंडळींच्या हातून घडतो, हें कबूल केलें पाहिजे.

हे दोन नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नांवानें ओळखले जातात. शब्दरूपानें ते मध्ययुगीन तार्किकांसहि ठाऊक होते. डी मॉर्गन यांनीं तर्कास गणिताची शिस्त लावली. त्यांचा 'फॉर्मल लॉजिक' हा ग्रंथ १८४७ सालचा.

त्यांचा जन्म १८०६ सालीं मदुरा येथें झाला. तान्हेपणींच एका डोळ्याची दृष्टि गेली. केंब्रिज येथें एम्. ए. च्या पदवीसाठीं धर्ममताची प्रतिज्ञा करावी लागे. ती मनास पटेना, म्हणून त्यांनीं पदवीवरच पाणी सोडलें. तरीहि १८२८ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, ते लंडन येथें गणिताचे प्राध्यापक झाले. दिल्लीचे अध्यापक रामचंद्र यांचा गणितग्रंथ त्यांनीं १८५९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध करविला. त्यांचें स्वतःचें बीजगणित जॉर्ज जर्व्हिस यांनीं एतद्देशीय पंडितांच्या साहाय्यानें मराठींत आणलें.