सायकल, स्मार्टफोन आणि आपली नाडी

एके काळी सायकल ही गरजेची वस्तू होती. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, शाळकरी मुले सारेच सायकलवर दिसत. मोटारसायकल घरोघरी आली आणि सायकल अडगळीत गेली. आता तीच सायकल हौस म्हणून परत येत आहे. भल्या पहाटे तापीच्या पुलाकडे निघालेल्या हौशी मंडळींच्या हँडलवर बहुधा स्मार्टफोन बसविलेला असतो. किती किलोमीटर झाले, वेग किती, नाडी किती, हे सारे तो दाखवितो. ही हौस आरोग्याला हितकारक आहे. मात्र फोनचा आकडा कितपत मानावा, हे समजून घेतले पाहिजे.

सायकलीचे फायदे

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. सायकल चालविताना मांड्या व पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात. ते रक्तातील साखर वापरतात. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने धावण्याच्या मानाने गुडघ्यांवर ताण कमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालविली की हा हिशेब पुरा होतो.

फोनला काय कळते?

उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या वेळेवरून फोन आपली जागा ठरवितो आणि त्यावरून अंतर व वेग काढतो. हे आकडे बहुतांशी बरोबर असतात. खर्च झालेल्या कॅलरीचा आकडा मात्र अंदाजाचा असतो. तो पाहून घरी आल्यावर दोन वडे जास्त खाण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही!

समोरून वारा असेल तर तेवढेच श्रम करूनही वेग कमी पडतो. तोरणमाळच्या घाटात तर तो निम्म्यावर येतो. शिवाय रात्री झोप झाली का, कालच ताप उतरला आहे का, हे फोनला ठाऊक नसते. म्हणून कालचा वेग आज मोडलाच पाहिजे, हा हट्ट धरू नये.

नाडीच्या आकड्याचेही तसेच आहे. २२० मधून वय वजा केले की नाडीची अंदाजे कमाल गती मिळते. पन्नाशीच्या माणसासाठी ती १७० येते. बरीच अॅप्स याच सूत्रावर 'झोन' ठरवितात. पण रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी मुळातच संथ राहते. असा रुग्ण फोनवरील झोन गाठण्यासाठी जोर लावीत राहिला, तर हृदयावर नको इतका ताण पडतो. अशांनी तो आकडा बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सर्वांना जमेल अशी एक सोपी कसोटी आहे. सायकल चालविताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो व्यायाम मध्यम समजावा. दोन-चार शब्दांतच धाप लागत असेल तर वेग कमी करावा.

केव्हा थांबावे?

छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात वा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, भोवळ किंवा दरदरून घाम यांपैकी काहीही जाणवले तर ताबडतोब उतरावे. 'पित्त झाले असेल, आणखी पाच किलोमीटर राहिलेत' असे म्हणून पुढे जाणे जिवावर बेतू शकते. सायकल चालवीत घरीही येऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्रास विश्रांतीने थांबला तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच तपासणी करावी. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे.

आपल्या जिल्ह्यासाठी विशेष

१. आपल्या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सायकल चालवावी. वाहकांना एरवी त्रास नसतो, पण उन्हात पाणी न पिता अतिश्रम करणे त्यांनाही धोक्याचे आहे. आपली तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी.

२. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे. तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी प्यावे.

३. हिवाळ्यात मिरचीच्या पथारींजवळचा खाट दमेकऱ्यांना सोसत नाही. त्यांनी दुसरा रस्ता धरावा.

४. उसाच्या हंगामात पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर व बैलगाड्या रस्त्यावर असतात. सायकलीला मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा आणि डोक्यावर हेल्मेट हवेच.

५. अक्राणीच्या डोंगरात अनेक ठिकाणी रेंज नसते. उपग्रहावरून जागा कळण्यास इंटरनेट लागत नाही, पण नकाशा आधी घरीच उतरवून घ्यावा लागतो. रेंज नसेल तर मदतीचा फोनही लागत नाही. म्हणून कोणत्या रस्त्याने जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगून निघावे.

फोनचा खरा उपयोग

लॉक असलेल्या पडद्यावरही दिसेल अशी आपत्कालीन माहिती भरण्याची सोय फोनमध्ये असते. तेथे रक्तगट, चालू औषधे आणि घरचा क्रमांक लिहून ठेवावा. फोन आला तर कडेला थांबून बोलावे. कानात इअरफोन घालू नयेत. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकू येणे ही सायकलस्वाराची मोठी सुरक्षा आहे. आकडे चालताना पाहू नयेत, घरी आल्यावर निवांत पाहावेत.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. त्यामागे कित्येक महिन्यांचा सराव आणि सोबत मदतनीसांचा ताफा होता. आपण त्यांच्यापासून नियमितपणा घ्यावा, वेग नव्हे. पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवीत जावे. सीट इतकी उंच ठेवावी की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. एवढे सांभाळले तर महिन्या-दीड महिन्यात तेच अंतर कमी दमात कापता येते, आणि हे कळायला फोनही लागत नाही.