जनावरांतील बोट्युलिझम : मज्जातंतूच्या टोकाशी काय घडते?

स्फुरदाची कमतरता असलेल्या कुरणात चरणारी जनावरे हाडे चघळू लागतात, हे पशुपालकांच्या परिचयाचे आहे. हाड कुजलेल्या सांगाड्यातील असेल, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष पोटात जाते. पुढे मागचे पाय लटपटतात, जीभ लुळी पडते, बसलेले जनावर उठत नाही. ताप सहसा नसतो आणि शुद्ध शाबूत असते.

स्नायूला हालचालीचा आदेश ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत मिळतो. ते मज्जातंतूच्या टोकाशी सुमारे 40 ते 50 नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांत साठवलेले असते. पुटिकेवरील सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरील सिंटॅक्सिन व स्नॅप-25 ही प्रथिने दोरीच्या पेडांप्रमाणे अर्धवट पीळ घेऊन सज्ज असतात. विद्युत संदेश येताच कॅल्शियम आत शिरते, सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्याची चाहूल घेते, पीळ पूर्ण होतो आणि दोन्ही पटले जुळतात. तेथे प्रथम अवघे एक-दोन नॅनोमीटरचे संलयन छिद्र उघडते व रसायन बाहेर पडते. हा सारा व्यवहार मिलिसेकंदाच्या आत आटोपतो. (व्यायल्यानंतर कॅल्शियम घटून गाय बसते, त्यामागेही हीच अडचण काही अंशी असते.) पुटिकांच्या या वाहतुकीवरील संशोधनासाठी रॉथमन, शेकमन व स्युडहॉफ यांना 2013 चे नोबेल मिळाले.

गुरांत प्रामुख्याने आढळणारी सी व डी प्रकारची विषे हेच पेड कापतात. सी प्रकार सिंटॅक्सिन व स्नॅप-25 तोडतो, डी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन. रसायन पुटिकेत भरलेले असूनही छिद्र उघडत नाही. धनुर्वाताचे विषदेखील सिनॅप्टोब्रेव्हिनच कापते. मात्र ते मज्जारज्जूत, स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत. म्हणून तेथे जनावर लुळे न पडता ताठते.

विस्तार कार्यकर्त्यांनी एक फरक ध्यानी ठेवावा. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही लाळ गळते. पण तेथे ॲसिटिलकोलिनचे विघटन थांबून ते साचते, म्हणून ॲट्रोपिन उपयोगी पडते. बोट्युलिझममध्ये ते बाहेरच येत नाही आणि लाळ गळते ती गिळता न आल्यामुळे. येथे ॲट्रोपिनचा लाभ नाही. मज्जातंतूत शिरलेल्या विषावर प्रतिविषही चालत नाही.

त्यामुळे खरा भर प्रतिबंधावरच हवा. स्फुरदयुक्त खनिज मिश्रण नियमित द्यावे, मृत जनावर उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे, पाण्याच्या टाकीत व चाऱ्याच्या गंजीत मेलेले उंदीर-पक्षी नाहीत ना हे पाहावे. मेलेल्या कोंबड्या मिसळलेले कोंबडीखत कुरणात पसरू नये. एकाच कळपातील दोन-तीन जनावरे तापाविना लुळी पडल्यास पशुवैद्यकास त्याच दिवशी कळवावे आणि संशयित चारा-पाणी तत्काळ बंद करावे.