अमेरिकेतील आशियाई कर्मचारी आणि मालकांचे मौन

डेट्रॉईट हे अमेरिकेतील मोटारींचे शहर. १९८० च्या सुमारास जपानी मोटारींनी तेथील बाजारपेठेत जोर धरला, कारखान्यांतून कामगार मोठ्या संख्येने कमी झाले आणि सारा राग जपानवर निघू लागला. जपानी गाड्यांवर हातोडे मारण्याचे जाहीर कार्यक्रमही होत. अशा वातावरणात जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या दांडक्याने मारले. चार दिवसांनी तो मरण पावला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लरच्या कारखान्यात सुपरिंटेंडंट होता, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, नोकरीतून कमी केलेला. चिन मुळात जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा होता व ड्राफ्ट्समन म्हणून काम करीत होता. १९८३ मध्ये न्यायालयाने दोघांना तीन वर्षे प्रोबेशन आणि प्रत्येकी ३००० डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली.

व्यापाराच्या पानावर ही हकीकत देण्याचे कारण असे की, हा द्वेष धंद्यातूनच उपजला होता. आयात, नोकरकपात, खपातील घट हे सगळे हिशेबाचे विषय. तुमची नोकरी शेजारी बसणाऱ्या आशियाई माणसाने घेतलेली नाही, हे कामगारांना अधिकाराने सांगू शकणारा माणूस म्हणजे मालक. परंतु जपानकडे बोट दाखविणे त्या काळी धंद्यातील अनेक मोठ्या मंडळींना सोयीचे वाटले.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हेच नव्या निमित्ताने घडले. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या 'स्टॉप एएपीआय हेट' या संस्थेकडे दोन वर्षांत सुमारे ११,५०० तक्रारी आल्या. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरातील तीन मसाज केंद्रांवर गोळीबार होऊन आठ जण ठार झाले. त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या व त्या कामाच्या जागीच मारल्या गेल्या. मारेकऱ्याच्या हेतूविषयी वाद झाला, पण आशियाई समाजात जी भीती पसरली तिच्याविषयी वाद नव्हता. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी निषेधाची पत्रके काढली. मे महिन्यात अशा गुन्ह्यांविषयीचा कायदाही झाला; सिनेटमध्ये तो ९४ विरुद्ध १ मतांनी संमत झाला होता.

पत्रक काढणे सोपे असते. त्यातही 'सर्व प्रकारच्या द्वेषाचा आम्ही निषेध करतो' असे गुळमुळीत वाक्य लिहिण्याची कंपन्यांना फार हौस. ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे नावच घ्यायचे नाही, तर तो निषेध कोणासाठी? २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस राज्यातील ओलेथ येथे श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय इंजिनियरला 'माझ्या देशातून चालते व्हा' असे ओरडत एकाने गोळी घातली. तो गार्मिन कंपनीत नोकरीला होता. दोनच दिवसांनी कंपनीने आपल्या कार्यालयात पत्रकारांना बोलाविले आणि तेथे त्याच्या पत्नीने आपले म्हणणे देशापुढे मांडले. आपला माणूस गेला हे कंपनीने झाकून ठेवले नाही, ही गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते.

'आम्ही धंदा करतो, राजकारण नव्हे' असे यावर काही मालक म्हणतात. परंतु १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणानुसार १५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाला वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यावरून भेदभाव करता येत नाही. गिऱ्हाईकाने नोकराला सतत वंशावरून छळले आणि मालकाने ठाऊक असूनही हात बांधून पाहिले, तर तोही जबाबदार धरला जातो. दुकानात नेहमी काय होते ते पाहा. गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या मुलीला शिवी देते आणि मॅनेजर शांतता राखण्यासाठी मुलीलाच आतल्या गोदामात पाठवितो. म्हणजे शिक्षा कोणाला झाली? मॅनेजरने गिऱ्हाईकासमोर उभे राहावे, एक विक्री बुडाली तरी चालेल, हे त्याला मालकाने आधीच लेखी सांगितलेले असले पाहिजे. ते न सांगता केवळ पत्रके काढणाऱ्या मालकाचे मोल आमच्या लेखी फारसे नाही.

नोकराने स्वतः का बोलू नये, असाही प्रश्न येतो. एच-१बी व्हिसावर गेलेल्या माणसाची नोकरी सुटली तर सामान्यतः ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाही तर बहुधा सामान बांधावे लागते. घरभाडे, मुलांची शाळा सारे त्या एका नोकरीवर. असा माणूस वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडताना दहा वेळा विचार करणारच. म्हणूनच बोलण्याचा पहिला भार मालकावर येतो, कारण त्याला तशी भीती नाही.

आता २०२४ च्या अखेरीपासून वॉलमार्ट, मॅकडोनल्ड्स, मेटा यांसारख्या कंपन्यांनी सर्व समाजांना वाव देण्याचे आपले कार्यक्रम आवरते घेतले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही आपल्या खात्यांतील असे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. वारा फिरताच पाठ फिरविणाऱ्यांची २०२१ मधील पत्रके कितपत मनापासून होती, हे वाचकांनीच ठरवावे. मात्र १९६४ चा कायदा रद्द झालेला नाही.

महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुलेमुली तेथे नोकरीस आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत घटनेपासून १८० दिवस असते व ज्या राज्यांत स्वतःची तशी यंत्रणा आहे तेथे ३०० दिवस. तक्रार केली म्हणून नोकरास त्रास देणे हादेखील कायद्याने गुन्हा ठरतो की नाही याची वाट न पाहता एवढे ध्यानात ठेवावे की, कायद्याने त्यास मनाई आहे. प्रथम कंपनीकडे लेखी कळवावे, तारीख, वेळ व कोण हजर होते ते त्याच दिवशी टिपून ठेवावे आणि त्याची एक प्रत कार्यालयाबाहेर, घरी ठेवावी.