थंडीत जास्वंद कशी जगवावी?

आपला निफाड तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, तसाच थंडीसाठीही. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. गव्हाला थंडी मानवते, शेवंतीलाही मानवते. जास्वंद मात्र उष्ण प्रदेशातली. पारा १० अंशांखाली गेला की तिची वाढ थांबते, कळ्या गळतात. दव गोठले तर पाने काळी पडतात. आमच्या आजीला गणपतीसाठी लाल फूल लागते, म्हणून तिला या झाडाची फार काळजी.

आभाळ मोकळे असते त्या रात्री थंडी जास्त. दिवसा तापलेली जमीन रात्री ऊब सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. म्हणून जास्वंद खोलगटात लावू नये, घराच्या दक्षिणेच्या भिंतीजवळ लावावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भिंत दिवसभर तापते आणि रात्री झाडाला ऊब देते.

संध्याकाळी चार काठ्या रोवून वरून गोणपाट टाकावे. ते जमिनीपर्यंत आले पाहिजे, कारण ऊब जमिनीतून येते. नुसते शेंड्यावर फडके टाकून काय उपयोग? प्लॅस्टिकचा कागद पानांना चिकटला तर तेवढी पाने करपतात. सकाळी ऊन आले की गोणपाट काढायचे. घरी हे काम माझ्याकडे आहे. बोटे इतकी गारठतात की सुतळीची गाठच सुटत नाही!

बुंध्याभोवती वाळका पाला पसरावा. पाणी दुपारी द्यावे, पण चिखल करू नये. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते. द्राक्षवाले पण थंडीत बागेला पाणी देतात आणि पहाटे शेकोट्या पेटवतात. हिवाळ्यात खत आणि छाटणी नको. त्याने कोवळी फूट येते आणि तीच आधी करपते.

मागच्या जानेवारीत आपल्या शाळेच्या फाटकाजवळची जास्वंद काळी पडली. काही मोठी माणसे म्हणाली, "मेलं ते, उपटून टाका." बाईंनी नखाने साल खरवडून पाहिली. वरच्या फांद्या आतून तपकिरी होत्या, पण बुंध्याजवळ हिरवे निघाले. हिरवे म्हणजे जिवंत. बाईंनी झाड उपटू दिले नाही. वाळक्या फांद्यासुद्धा होळीपर्यंत तशाच ठेवल्या, मग कापल्या. चैत्रात बुंध्यातून तीन फुटवे आले. एक आता माझ्या खांद्याला लागतो.

जाताना फाटकाजवळ जरूर बघा. कुणाला फांदी हवी असेल तर पावसाळ्यात बाईंकडे मागा. आत्ता थंडीत लावलेली फांदी लवकर रुजत नाही.

इयत्ता चौथी