पूरक गोळ्यांविषयी एकत्रित संशोधन काय सांगते?

चेन्नईच्या अंबत्तूर परिसरात, अयप्पाक्कम येथे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे. १९९९ साली आवडी येथील कुष्ठरोगाचे क्षेत्रीय केंद्र आणि वैद्यकीय सांख्यिकीची संस्था यांच्या विलीनीकरणातून ती उभी राहिली. रोगाचा अभ्यास आणि आकड्यांचा अभ्यास एका छपराखाली आले, हे प्रस्तुत विषयास साजेसेच आहे. 'जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी की नाही?' या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याच्या अनुभवातून मिळत नाही आणि बहुधा एका चाचणीतूनही मिळत नाही.

आपल्याच देशातील उदाहरण पाहावे. १९९० साली 'अ' जीवनसत्त्वाविषयी दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तमिळनाडूत सुमारे १५,००० बालकांवर झालेल्या चाचणीत दर आठवड्यास अल्प मात्रा दिली गेली आणि बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी आढळले. हैदराबादच्या चाचणीतही बालकांची संख्या जवळपास तेवढीच होती. तेथे सहा महिन्यांनी एकदा मोठी मात्रा दिली गेली; मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. केवळ पहिली चाचणी वाचणारा या औषधास संजीवनी म्हणेल, केवळ दुसरी वाचणारा निरुपयोगी ठरवील.

अशा वेळी सर्व विश्वसनीय चाचण्या एकत्र मांडून त्यांचे सामायिक गणित केले जाते. मोठ्या चाचणीस अधिक वजन मिळते, लहान चाचणीस कमी. १९९३ साली अशा गणितातून बालमृत्यूंत सुमारे २३ टक्के घट दिसली. पुढे उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख बालकांवर चाचणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात घट अवघी ४ टक्के होती आणि ती योगायोगानेही दिसली असू शकते. ती पूर्वीच्या आठ चाचण्यांत मिळवल्यावर सरासरी घट ११ टक्के आली. पहिल्या आकड्यापेक्षा हा आकडा लहान आहे, परंतु बालमृत्यूंच्या बाबतीत ११ टक्के म्हणजे थोडे नव्हे. म्हणून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत बालकास दिल्या जाणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा पालकांनी चुकवू नयेत. मात्र हेच जीवनसत्त्व गर्भवतीने मोठ्या मात्रेत घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे.

या पद्धतीसही मर्यादा आहेत. प्रतिकूल निष्कर्षाच्या चाचण्या पुष्कळदा प्रसिद्धच होत नाहीत. मग उरलेल्यांची बेरीज वास्तवापेक्षा उजळ दिसते. शिवाय कमतरता असलेल्या लोकसमूहातील लाभ सुपोषित माणसास लागू पडेलच असे नाही. पूरकांच्या जाहिरातीत ही दुसरी गोष्ट हटकून गाळली जाते.

सुपोषित प्रौढांबाबतचे चित्र बरेच स्पष्ट आहे. 'क' जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्वसामान्य माणसास सर्दी कमी वेळा होते असे आढळलेले नाही. प्रौढांमध्ये सर्दीचा कालावधी सुमारे ८ टक्क्यांनी घटतो, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर गोळी सुरू केल्यास तेवढाही लाभ सातत्याने दिसत नाही. प्रतिऑक्सिडक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या ७८ चाचण्यांचा, जवळपास तीन लाख व्यक्तींचा, एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. आयुष्य वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. उलट बीटा-कॅरोटीन आणि 'ई' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यू किंचित अधिक आढळले. फिनलंडमधील २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक झाला. आपण विडी वा सिगारेट ओढत असल्यास ही गोळी घेऊ नये. गाजर, आंबा अवश्य खावा.

क्षयरोगाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण कुपोषण आणि क्षय हातात हात घालून येतात. क्षयरुग्णांना दिलेल्या पोषण-पूरकांच्या ३५ चाचण्यांचा आढावा २०१६ साली घेण्यात आला. केवळ सूक्ष्मपोषकांच्या गोळ्यांनी मृत्यू टळतात वा रोग लवकर बरा होतो, याचा भरवशाचा पुरावा त्यात सापडला नाही. याउलट झारखंडमधील चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्या मंडळींना दरमहा तांदूळ, डाळ असा शिधा आणि सोबत सूक्ष्मपोषकांची गोळी देण्यात आली. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. गोळी तेथेही होती, पण ती पोटभर अन्नाच्या जोडीला होती.

अंबत्तूरच्या संस्थेच्या सहकार्याने तमिळनाडूत २०२२ पासून राबवली जाणारी 'कासनोय एरप्पिला तिट्टम' ही क्षयमृत्यू रोखण्याची योजना याच दिशेची आहे. निदान होताच रुग्णाचे वजन-उंची मोजली जाते, श्वासाची स्थिती व आधाराविना उभे राहता येते का हे पाहिले जाते, आणि प्रकृती गंभीर असल्यास त्यास रुग्णालयात दाखल केले जाते. आपल्या घरी क्षयरुग्ण असल्यास त्याचे वजन दरमहा करवून घ्यावे. निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात मिळणारे दरमहा १,००० रुपये कडधान्ये, अंडी, दूध, शेंगदाणे यांवर खर्च व्हावेत. टॉनिकच्या बाटलीवर नव्हे.

काही गोळ्या मात्र टाळू नयेत. गर्भधारणेपूर्वी व आरंभीच्या महिन्यांत घेतलेले फॉलिक आम्ल बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळते, हे १९९१ पासून निःसंशय सिद्ध आहे. गर्भवतींसाठीच्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्याव्यात; मळमळ झाल्यास त्या बंद न करता जेवणानंतर घ्याव्यात, चहासोबत घेऊ नयेत. मांसाहार न करणाऱ्यांत, विशेषतः दूधही कमी घेणाऱ्यांत, बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. हातापायांस मुंग्या येत असल्यास तपासणी करून घ्यावी.

आरोग्यपूरके आपल्याकडे अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. म्हणून त्यांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते. खरेदीपूर्वी ती शोधून वाचावी. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी औषधे चालू असल्यास 'के' किंवा 'ई' जीवनसत्त्वाची पूरके स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. आरोग्य केंद्रात जाताना घरात चालू असलेल्या सर्व बाटल्या, चूर्णे आणि पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत व डॉक्टरांपुढे ठेवावीत.